हॅरिस अँड्र्यूज : बचावपटूची प्रगती ओळखायची तरी कशी?

खामल्याची प्रेक्षक
(प्रश्न)

नमस्कार. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त ब्रिस्बेनला स्थायिक झाला, तेव्हापासून आमच्या घरात ऑस्ट्रेलियन फुटबॉल पाहण्याची सवय लागली. तिकडचा अंतिम सामना सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी मेलबर्नच्या क्रिकेट मैदानावर दुपारी अडीचला सुरू होतो, तेव्हा नागपुरात सकाळचे दहा वाजलेले असतात. त्या दिवशी मी स्वयंपाक लवकर उरकून टीव्हीसमोर बसते आणि भाऊ तिकडून फोनवर बोलत असतो.

ब्रिस्बेन लायन्सने २०२४ मध्ये सिडनीला ६० गुणांनी आणि २०२५ मध्ये जिलाँगला ४७ गुणांनी हरवून सलग दोनदा विजेतेपद मिळवले. दोन्ही अंतिम सामन्यांत सर्वोत्तम खेळाडूचे पदक मधल्या फळीतील विल अ‍ॅशक्रॉफ्टला मिळाले, आणि त्याने ते मिळवले याचा मलाही आनंद आहे. पण माझे डोळे मात्र नेहमी मागच्या फळीतील ३१ क्रमांकाच्या हॅरिस अँड्र्यूजवर खिळलेले असतात. मध्यंतरी मी २०१७ च्या हंगामातील जुन्या सामन्यांच्या काही चित्रफिती पाहिल्या. त्या वर्षी ब्रिस्बेनचा संघ अठरा संघांत शेवटचा होता. त्या चित्रफितींतला अँड्र्यूज आणि आताचा अँड्र्यूज हे मला दोन वेगवेगळे खेळाडू वाटले. उंची तीच, उडी तीच, पण कुठे उभे राहायचे आणि केव्हा धावायचे याची जाण पूर्णपणे निराळी. भावाला हे सांगितले, तर तो म्हणाला, “ताई, तो आधीपासूनच चांगला होता. संघ सुधारला, म्हणून तो आता तुझ्या नजरेत भरतो.”

माझी अडचण अशी आहे की माझे म्हणणे मला सिद्ध करता येत नाही. आघाडीच्या खेळाडूने गेल्या वर्षी तीस गोल केले आणि यंदा पन्नास केले, तर त्याची प्रगती लहान मुलालाही कळते. बचावपटूने जे होऊ दिले नाही, ते मोजायचे कसे? हा खेळ जवळून पाहिलेल्या किंवा मैदानावर कुठल्याही खेळात बचाव केलेल्या सभासदांनी, त्याच्या प्रगतीच्या खुणा नेमक्या कशात शोधाव्यात, हे कृपया सांगावे.


धरमपेठचा परतलेला
(उत्तर)

ताई, आपल्या प्रश्नाने मला फार आनंद झाला. मी ब्रिस्बेनमध्ये काही वर्षे राहिलो आणि संघ सतत हरत असतानाच्या काळातही गॅबावर, म्हणजे लायन्सच्या घरच्या मैदानावर, नियमित जात असे. आपण जो फरक टिपला आहे तो खरा आहे असे माझे ठाम मत आहे, आणि त्याची कारणे मी जरा सविस्तर लिहितो.

प्रथम त्याची पार्श्वभूमी. ब्रिस्बेन ज्यात येते तो क्वीन्सलँड हा मुख्यतः रग्बी लीगचा प्रांत आहे, त्यामुळे तिथल्या मुलांना या खेळाकडे वळवण्यासाठी लायन्स क्लब स्वतःची अकादमी चालवतो. अँड्र्यूज त्या अकादमीतून घडला. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, त्याचा क्रमांक ६१ वा होता, म्हणजे तो लहानपणापासून गाजलेला आणि सर्वांनी हेरून ठेवलेला मुलगा नव्हता. २०१५ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो वरिष्ठ संघात आला. दोन मीटरहून थोडी जास्त उंची, अंगात अजून ताकद भरायची होती, आणि समोर रोज तिशीच्या आसपासचे कसलेले, भक्कम फुल फॉरवर्ड, म्हणजे गोलच्या अगदी जवळ खेळणारे आघाडीचे खेळाडू. त्यात संघ कमकुवत, म्हणजे मधल्या फळीत चेंडू सतत हातून जायचा आणि प्रतिस्पर्धी मोकळ्या अंगाने, मान वर करून, हव्या त्या जागी किक मारायचा. अशा वेळी मागच्या फळीतील मुलाकडे चेंडू कसा येतो, हे मैदानावर बसून पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. किक अचूक असते, आघाडीचा खेळाडू आधीच धावायला लागलेला असतो, आणि बचावपटूला त्याच्या पाठीमागून अर्धे पाऊल उशिरा निघावे लागते.

त्या काळात तो जवळपास प्रत्येक चेंडूवर स्पॉइल करायचा, म्हणजे मागून हात लांबवून, मूठ आवळून चेंडूला ठोसा द्यायचा. हे काम दिसते तितके सोपे नाही. झेल घेणाऱ्याच्या हातांवर आघात झाला तर फ्री किक जाते, आणि गोलच्या तीस मीटरवर दिलेली फ्री किक म्हणजे जवळजवळ सहा गुण दिल्यासारखेच आहे. त्याचा ठोसा तेव्हाही उत्तम होता. उणीव होती ती ठोशानंतरच्या क्षणात. चेंडू कधी कधी गोलसमोरच्या मोकळ्या जागेत पडायचा आणि तिथे टपून बसलेला प्रतिस्पर्ध्याचा चपळ छोटा खेळाडू तो उचलून गोल करायचा. पुढे हा चेंडू तो सीमारेषेच्या बाजूला किंवा आपल्याच धावत्या सहकाऱ्याच्या वाटेत पाडू लागला. माझ्या दृष्टीने त्याच्या प्रगतीची ही पहिली खूण आहे, आणि जुन्या व नव्या चित्रफिती शेजारी शेजारी ठेवल्या तर ती आपल्याला सहज पडताळता येईल.

दुसरी खूण याहून मोठी आहे. या खेळात किमान पंधरा मीटर प्रवास करून आलेला चेंडू जमिनीवर पडण्याआधी आणि मध्ये कुणाचा हात लागण्याआधी झेलला, की तो मार्क ठरतो आणि झेलणाऱ्याला अडथळ्याविना किक मारता येते. बचावपटूने ठोसा दिला तर संकट तेवढ्यापुरते टळते, पण त्याच चेंडूचा मार्क घेतला तर प्रतिस्पर्ध्याची चढाई तिथेच संपते आणि आपली सुरू होते. मग प्रत्येक वेळी मार्कच का घेऊ नये, असे कुणालाही वाटेल. कारण असे की मार्क घेण्यासाठी आपल्या वाट्याच्या खेळाडूला सोडून चेंडूच्या मार्गात जावे लागते, आणि तो अंदाज चुकला तर मागे एकटा राहिलेला फॉरवर्ड रिकाम्या गोलसमोर उभा असतो. केव्हा सोडायचे आणि केव्हा चिकटून राहायचे, हा निर्णय किक मारणाऱ्याच्या पायाला चेंडू लागण्यापूर्वीच घ्यावा लागतो. किक मारणारा तोल सांभाळून आहे की घाईत आहे, त्याच्यावर दबाव आहे की नाही, त्याचे खांदे कोणत्या दिशेला वळले आहेत, यावरून तो घेतात. अठराव्या वर्षी हे कुणालाही येत नाही. अँड्र्यूजला ते वर्षागणिक येत गेले, आणि २०१९ व २०२० या दोन्ही वर्षी ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे हंगामातील सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात, त्याची निवड झाली.

टीव्हीविषयी एक सूचना करतो. मैदान आपल्या जामठ्याच्या क्रिकेट मैदानासारखे विस्तीर्ण आणि लंबगोल, त्यावर दोन्ही संघांचे मिळून छत्तीस खेळाडू, आणि कॅमेरा मात्र चेंडूच्या मागे. त्यामुळे अँड्र्यूज आपल्याला दिसतो तो फक्त शेवटच्या सेकंदात, उडी मारताना. त्याआधीच्या सहा-सात सेकंदांत त्याने तीन सहकाऱ्यांना हातवारे करून जागा बदलायला लावलेली असते, आणि ती कुणी दाखवत नाही. गोल झाल्यावर किंवा खेळ थांबल्यावर जेव्हा मागच्या कॅमेऱ्यातून दृश्य पुन्हा दाखवतात, तेव्हा चेंडू न पाहता मागची फळी पाहावी.


रेशीमबागचा कोपरारक्षक
(उत्तर)

मी ऑस्ट्रेलियन फुटबॉल फारसा पाहिलेला नाही, पण ताईंनी कुठल्याही खेळात बचाव केलेल्यांना विचारले आहे म्हणून लिहितो. मी अनेक वर्षे कबड्डीत डावा कोपरा सांभाळला आणि आता रेशीमबागेच्या परिसरातील मुलांना सायंकाळी शिकवतो. वरील उत्तरातील “केव्हा सोडायचे आणि केव्हा चिकटून राहायचे” हे वाक्य मी दोनदा वाचले, कारण आमच्या खेळातही कोपरारक्षकाची सारी विद्या त्यातच आहे.

नवीन मुलगा चढाईपटूचा पाय जवळ दिसला की लगेच झेप घेतो. पाय हे आमिष असते, चढाईपटू तो मागे घेतो, मुलाला हात लावतो आणि मध्यरेषेकडे परत फिरतो. त्या मुलाला मी पकडीचे तंत्र कितीही शिकवले तरी पहिली दोन वर्षे तो घाई करतोच. तिसऱ्या वर्षी एखाद्या सायंकाळी तो झेप घेत नाही, वाट पाहतो, चढाईपटूने पाठ वळवली किंवा वजन दुसऱ्या पायावर टाकले की मगच घोटा धरतो. पाहणाऱ्यांना वाटते की आज याची पकड चांगली बसली. पकड तीच असते, बदललेली असते ती वाट पाहण्याची ताकद. म्हणून ताईंनी अँड्र्यूजच्या उड्यांबरोबरच त्याने न मारलेल्या उड्याही मोजाव्यात, असे मी सुचवेन.

दुसरे असे की कोपरारक्षक एकटा कधीच चांगला होत नाही. शेजारच्याचा हात हातात असतो, साखळी असते, आणि आपण झेप घेतली तर मध्यरक्षक आत येऊन चढाईपटूची वाट बंद करील हा विश्वास असतो. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्येही आपला माणूस सोडून चेंडूकडे धावणाऱ्याला मागची जागा कुणीतरी भरील असा भरवसा लागत असणार. मात्र एका बाबतीत आम्ही सुदैवी आहोत. कबड्डीत यशस्वी पकडीला गुण मिळतो, तो फलकावर झळकतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. अँड्र्यूजच्या खेळात बचावाला गुणच नसेल, तर ताईंची अडचण मला पूर्णपणे समजते.


बर्डीचा वाचक
(उत्तर)

सर्वांचे म्हणणे आदराने वाचले, तरी भावाच्या बाजूने दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. मधली फळी आणि आघाडीची फळी दबाव टाकू लागली की प्रतिस्पर्ध्याला घाईघाईत, उंच आणि आंधळी किक मारावी लागते. तशी किक अडवणे साध्या बचावपटूलाही तुलनेने सोपे जाते. २०१७ मध्ये शेवटचा असलेला हा संघ २०१९ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला आणि अँड्र्यूजची ऑल-ऑस्ट्रेलियन संघातील पहिली निवडही त्याच वर्षी झाली. हा योगायोग आहे असे म्हणता येईल का? तो वाईट खेळाडू आहे असे मी मुळीच म्हणत नाही. त्याच्या प्रगतीचे श्रेय नेमके कुणाला द्यायचे, एवढाच माझा प्रश्न आहे.


धरमपेठचा परतलेला
(उत्तर)

आपला मुद्दा रास्त आहे आणि तो मी अर्धा मान्य करतो. समोर दबाव असेल तर मागचे काम हलके होते, हे खरेच आहे. पण २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट घडली, तीही हिशेबात घ्यावी लागेल. त्या वर्षापासून असा नियम आला की मध्यभागी खेळ सुरू करताना प्रत्येक संघाचे सहा खेळाडू मागे, सहा मध्ये आणि सहा पुढे असलेच पाहिजेत. त्याआधी संघ एखादा जादा खेळाडू मागे उभा करून बचावपटूला आधार देत असत. तो आधार त्या क्षणापुरता काढून घेतला गेला आणि गोल झाल्यानंतरच्या प्रत्येक नव्या सुरुवातीला मागच्या फळीतील माणूस आपल्या प्रतिस्पर्ध्यासमोर जवळजवळ एकटा उभा राहू लागला. बचावपटूचे काम ज्या वर्षी कठीण झाले, त्याच वर्षी अँड्र्यूज देशातील सर्वोत्तमांत निवडला गेला. हे केवळ संघाच्या सुधारणेने घडले असे मला वाटत नाही.

शिवाय २०१८ आणि २०१९ हे दोन हंगाम ल्यूक हॉज ब्रिस्बेनकडून खेळला. हॉथॉर्नकडून चार विजेतेपदे मिळवलेला आणि त्यांपैकी २००८ व २०१४ च्या अंतिम सामन्यांत सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हा माणूस कारकिर्दीच्या संध्याकाळी एका तरुण, हरणाऱ्या संघाच्या मागच्या फळीत येऊन उभा राहिला. गॅबावर गोलच्या मागच्या बाजूला बसले की त्याचे हात सतत हलताना दिसत, कुणाला पुढे, कुणाला मागे, कुणाला आत सरकवताना. शेजारी अँड्र्यूज होता. हॉज गेल्यानंतर ते हातवारे अँड्र्यूज करू लागला. रेशीमबागच्या दादांनी साखळीचा जो उल्लेख केला आहे, तो मला या संदर्भात फार योग्य वाटला, आणि श्रेयाचा जो वाटा दुसऱ्या कुणाला द्यायचा असेल, तो मी प्रथम हॉजला देईन.

२०१८ च्या मध्यात अँड्र्यूजला सामन्यात डोक्याला जबर मार बसून मेंदूत रक्तस्राव झाला होता, हेही विसरू नये. उंच चेंडूखाली, समोरून कोण येते आहे हे न पाहता उडी मारणे हेच ज्याचे काम, त्याच्यावर असा प्रसंग आल्यानंतर तो त्याच हंगामात परतला आणि पूर्वीसारखाच चेंडूखाली जात राहिला. हे मी कौशल्यात मोजत नाही. पण त्याच्याबद्दल मला जे प्रेम वाटते, त्याचे मोठे कारण हेच आहे.


अंबाझरीचा फिरस्ता
(उत्तर)

चर्चा फार चांगली चालली आहे, म्हणून केवळ तुलनेसाठी दोन नावे जोडतो.

वेस्ट कोस्टचा जेरेमी मॅकगव्हर्न रुकी यादीतून, म्हणजे मुख्य ड्राफ्टच्या बाहेरून आला. २०१८ च्या अंतिम सामन्याच्या अखेरच्या मिनिटांत कॉलिंगवुड पुढे असताना त्याने मागच्या फळीत एक मार्क घेतला. तिथून चेंडू व्हार्डी, रायन असा पुढे जात शीडपर्यंत पोहोचला, शीडने सीमारेषेजवळच्या अवघड कोनातून गोल केला आणि वेस्ट कोस्टने ५ गुणांनी विजेतेपद मिळवले. शीडचा गोल आजही सर्वांना आठवतो. मला मात्र मॅकगव्हर्नचा मार्क आठवतो, कारण त्या क्षणी ठोसा मारणे अधिक सुरक्षित होते आणि त्याने तरीही झेल घेतला. बरगड्यांना दुखापत झालेली असताना तो त्या सामन्यात खेळत होता, हे नंतर समोर आले.

दुसरा जिलाँगचा टॉम स्ट्यूअर्ट. स्थानिक क्लबात खेळत असलेला हा मुलगा २०१६ च्या ड्राफ्टमध्ये निवडला गेला आणि २०१७ मध्ये, बहुतेक जण तोवर चार-पाच हंगाम खेळून झालेले असतात अशा वयात, त्याने पहिला सामना खेळला. पुढच्याच वर्षी तो ऑल-ऑस्ट्रेलियन संघात होता. त्याची वाढ झाली ती कुणी पाहत नसताना, आणि अँड्र्यूजची झाली ती सर्वांसमोर, हरण्याच्या चार वर्षांत. अठराव्या वर्षापासून दर आठवड्याला हरत हरत शिकणे मला अधिक कठीण वाटते, म्हणून ताईंच्या निवडीशी मी सहमत आहे.


खामल्याची प्रेक्षक
(उत्तर)

सर्वांचे मनापासून आभार. बर्डीच्या वाचकांच्या मुद्द्यामुळे मला माझे म्हणणे अधिक नेमके करता आले, त्यांचे विशेष आभार. संघ सुधारला हे खरे, आणि तोही सुधारला हेही खरे. दोन्ही एकमेकांत इतके मिसळले आहे की पूर्ण वेगळे काढता येणार नाही, हे मी भावाला कळवले आहे.

आपण सांगितलेल्या खुणा घेऊन काल रात्री मी २०२३ चा अंतिम सामना पुन्हा पाहायला घेतला. तो आम्ही कॉलिंगवुडकडून केवळ ४ गुणांनी हरलो होतो, म्हणून आजवर पुन्हा पाहण्याचे धाडस झाले नव्हते. पहिले सत्र संपेपर्यंत वही शेजारी घेऊन बसले होते. ठोशानंतर चेंडू कुठे पडला, त्याने आपला माणूस केव्हा सोडला, आणि रेशीमबागच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे केव्हा उडी मारली नाही, अशा तीन रकान्यांत नोंदी केल्या. तिसरा रकाना भरणे सर्वांत कठीण गेले, कारण कॅमेरा तिथे पोहोचेपर्यंत निर्णय होऊन गेलेला असतो. दोनदा मात्र मला ते स्पष्ट दिसले. चेंडू डोक्यावरून येत होता, तो सहज उडी मारू शकला असता, पण मागे सहकारी अधिक चांगल्या जागी आहे हे ओळखून तो बाजूला झाला आणि फॉरवर्डची वाट अडवून उभा राहिला. पूर्वी मी ती दृश्ये पाहिली होती, तेव्हा त्यात अँड्र्यूज आहे हेच माझ्या लक्षात आले नव्हते. उरलेली तीन सत्रे या आठवड्यात पाहीन.

भावाने पुढच्या हंगामात गॅबावर गोलच्या मागच्या बाजूचे तिकीट काढायचे कबूल केले आहे. चेंडू कुठेही असो, निदान एका सत्रात मोबाइलचा कॅमेरा ३१ क्रमांकावरून हलवायचा नाही, असे मी त्याला बजावले आहे. ती चित्रफीत आली की इथे लिहीनच. धरमपेठच्या दादांनी तेव्हा ती माझ्यासोबत पाहून, त्याचे हात नेमके काय सांगत असतात, ते मला समजावून द्यावे, ही विनंती.